सागरी प्रवाह, कोकणचे हवामान आणि आपली प्राचीन बंदरे

भिवंडीतून समुद्र दिसत नाही. कामवारी नदी, तिच्यापुढे खाडी आणि खाडीच्या मुखाशी वसई, एवढे अंतर मध्ये आहे. आठवीच्या वर्गातील एका विद्यार्थ्याने म्हणूनच एके दिवशी विचारले, "सर, समुद्र इतका लांब आहे, तर पुस्तकात आपल्याला किनारपट्टीचे लोक का म्हटले आहे?" भूगोलाचे शिक्षक त्या दिवशी रजेवर होते आणि त्यांच्या तासाला आम्ही गेलो होतो. आम्ही इतिहासाचे विद्यार्थी. उत्तर चटकन सुचले नाही. त्या प्रश्नाचा पाठपुरावा करताना जे वाचनात आले, त्यातील काही या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थी आणि पालक यांच्यासमोर ठेवीत आहोत.

समुद्राची साक्ष प्रथम आपल्या अंगावरचा घाम देतो. मराठवाड्यातून वसतिगृहात आलेली मुले पहिल्याच आठवड्यात तक्रार करतात की येथे कपडे लवकर वाळत नाहीत. मे महिन्यात नागपूरचे दुपारचे तापमान सरासरी ४२-४३ अंशांवर जाते, मुंबईचे ३३-३४ वर थांबते. जानेवारीच्या पहाटे मात्र नागपूर मुंबईपेक्षा बरेच अधिक गारठते. पाणी सावकाश तापते व सावकाश निवते, हे त्यामागचे साधे कारण. समुद्रावरून येणारा वारा ही सौम्यता आणि तिच्याबरोबर ओल घेऊन येतो. दमट हवेत सुती धागा कमी तुटतो. मुंबईच्या कापडगिरण्यांना आणि आपल्या यंत्रमागांना या हवेचा लाभ झाला. मात्र निसर्गाने सर्वांना सारखी दिलेली ही ओल माणसाने सारखी वाटली नाही. धोट्याच्या छिद्रातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि विटाळाच्या कल्पनेमुळे अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात, म्हणजे अधिक मजुरीच्या खात्यात, प्रवेश नव्हता. १९२८ च्या गिरणी संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला होता. ज्यांच्या घरी आज माग चालतात त्यांनी ही गोष्ट आपल्या मुलांना अवश्य सांगावी.

आता मूळ विषयाकडे वळू. समुद्राचे पाणी एका जागी राहत नाही. त्यात नद्यांसारखे, पण कित्येक पटींनी मोठे प्रवाह वाहतात. पृष्ठभागावरील प्रवाहांना मुख्यतः वारा ढकलतो. परंतु पाणी वाऱ्याच्या नेमक्या दिशेने जात नाही. नॉर्वेचे संशोधक नान्सेन १८९३ ते १८९६ या काळात आपल्या 'फ्राम' जहाजातून आर्क्टिकच्या बर्फात अडकून प्रवास करीत होते. बर्फ वाऱ्याच्या दिशेच्या उजवीकडे सरकतो, हे त्यांनी टिपून ठेवले. स्वीडनचे एकमन यांनी त्याचे गणित मांडले. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, त्यामुळे उत्तर गोलार्धात वाहणारी वस्तू उजवीकडे वळते. वरचा थर खालच्या थराला ओढतो आणि प्रत्येक थर थोडा अधिक वळत जातो. सर्व थरांची बेरीज केली तर पाणी वाऱ्याच्या काटकोनात उजवीकडे सरकलेले दिसते.

दुसरे कारण पाण्याच्या जडपणाचे. थंड आणि अधिक खारट पाणी जड असते, ते खाली बसते. हे वर्गात सहज दाखविता येते. नीळ घातलेल्या पाण्याचा बर्फ काचेच्या भांड्यातील कोमट पाण्यात अलगद सोडावा. निळ्या रेघा तळाकडे उतरतात आणि तळाशी पसरतात. ध्रुवाजवळच्या समुद्रात याच रीतीने थंड पाणी खोल उतरते आणि तळातून हजारो मैल सरकत राहते. तिसरी गोष्ट भूमीची. किनारा आडवा आला की प्रवाहाला वळावेच लागते.

अटलांटिक किंवा पॅसिफिक महासागरातील मोठे प्रवाह वर्षभर साधारण एकाच दिशेने वाहतात. आपला अरबी समुद्र त्याला अपवाद आहे. उत्तरेला आशियाची प्रचंड भूमी असल्याने येथे वारा वर्षातून दोनदा फिरतो आणि त्याच्यामागे प्रवाहही फिरतात. उन्हाळी मोसमात सोमालियाच्या किनाऱ्याने पाणी ईशान्येकडे धावते. त्याचा वेग सेकंदाला दोन मीटरांहून अधिक होऊ शकतो. हिवाळ्यात तोच प्रवाह उलट नैर्ऋत्येकडे वाहतो. पावसाळ्यात हा वारा सोमालिया व ओमानच्या किनाऱ्याला समांतर वाहत असल्याने वरचे पाणी उजवीकडे, म्हणजे किनाऱ्यापासून दूर लोटले जाते आणि त्याची जागा घ्यायला खोलातले थंड पाणी वर येते. थंड पाण्यावरची हवा जड राहते, उंच चढत नाही. ओमानमधील सलाला शहर आपल्याहून फारसे दक्षिणेला नाही. तेथे पावसाळ्यात दाट धुके आणि भुरभुर असते, पण वर्षाचा पाऊस शंभर-सव्वाशे मिलिमीटरच्या आसपास. मुंबईत तोच दोन हजार मिलिमीटरच्या वर जातो. समुद्र एकच, मोसमही एकच. आपल्याकडे येईपर्यंत वारा विषुववृत्तापासून उबदार पाण्यावरची वाफ गोळा करीत आलेला असतो आणि सह्याद्री त्याला उंच चढायला भाग पाडतो.

आपल्या किनाऱ्यालगतचा प्रवाह पावसाळ्यात दक्षिणेकडे वाहतो. तेव्हा केरळ-कर्नाटकाच्या किनाऱ्यावर खोलातले पाणी, आणि त्याबरोबर माशांचे खाद्य, वर येते. उत्तर कोकणात हा परिणाम क्षीण होत जातो. नोव्हेंबरपासून मात्र एक नवल घडते. वारे उत्तरेकडून वाहत असतात आणि किनाऱ्यालगतचा प्रवाह त्यांच्या विरुद्ध, उत्तरेकडे जातो. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील डॉ. सतीश शेट्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रवाहाचा कसून अभ्यास केला. नद्यांमुळे कमी खारट झालेले बंगालच्या उपसागरातील पाणी श्रीलंका व कन्याकुमारीला वळसा घालून पश्चिम किनाऱ्याने वर सरकते. दक्षिणेकडे समुद्राची पातळी किंचित उंच असल्याने त्याला तो उतार मिळतो. प्रवाहाचे कारण डोळ्यांसमोरच्या वाऱ्यातच असेल असे नाही. ते शेकडो कोस दूर असू शकते. हा धडा आम्हांला इतिहासातही फार उपयोगी पडला आहे.

हे शास्त्र नव्हते तेव्हाही माणसाला निरीक्षण होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये आपले कल्याण आणि सोपारा या बंदरांची नावे येतात. इजिप्तमधून भारताकडे येणाऱ्या जहाजांनी जुलैत निघावे असेही त्यात सांगितले आहे. परतताना उत्तरेचा वारा धरायचा. या फिरत्या वाऱ्यांवर कल्याणची पेठ उभी राहिली, आणि कान्हेरीची लेणी पाहताना तिच्याच खुणा सापडतात. तेथील ब्राह्मी लेखांत दान देणारे कल्याणचे व्यापारी आहेत, तसेच कल्याणचा सोनार आणि कल्याणचा लोहारही आहे. भिक्खुसंघासाठी डोंगर कोरणारा पैसा केवळ राजांचा नव्हता. तो हाताने काम करणाऱ्यांचाही होता. कान्हेरीत अवलोकितेश्वराचे एक शिल्प आहे. भक्तांना वाचविण्याचे जे प्रसंग त्यात कोरले आहेत, त्यांत फुटणारे जहाजही आहे. शिल्पकाराला समुद्राचे भय ठाऊक होते.

उदान ग्रंथातील बाहिय दारुचीरिय सोपाऱ्याच्या समुद्रतीरावर राहत होता. अट्ठकथेनुसार तो व्यापारी होता. जहाज फुटले आणि लाटांनी त्याला या किनाऱ्यावर आणून टाकले. येथूनच तो बुद्धांच्या भेटीसाठी श्रावस्तीपर्यंत चालत गेला. याच सोपाऱ्यात १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांनी स्तूपाचे उत्खनन केले. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा येथे मिळाला आहे आणि नवव्याचा तुकडा मिळाला तो १९५६ साली. त्या सालाचे महत्त्व आपल्या वाचकांना निराळे सांगायला नको.

बौधायन धर्मसूत्रासारख्या ग्रंथांनी समुद्रप्रवास पातकांत गणला. बंदरे ओस पडण्याला खाडीत साठलेला गाळ आणि राजकारण अशी इतरही कारणे होती. सारा दोष एका ग्रंथावर टाकणे इतिहासाला धरून होणार नाही. पण समुद्र जाणणाऱ्यांची विद्या पोथीत हीन ठरली, हे खरे. कोळी बांधव मात्र नारळी पौर्णिमेला होड्या पाण्यात लोटत राहिले. विधी बाजूला ठेवला तरी तेव्हापर्यंत वाऱ्याचा जोर ओसरतो हे त्यामागचे निरीक्षण पक्के आहे. १९१३ च्या ऐन पावसाळ्यात बाबासाहेब आगबोटीने निघाले आणि जुलैत न्यूयॉर्कला उतरले, तेव्हा वाफेच्या यंत्राने वारा फिरण्याची वाट पाहण्याची गरज संपवली होती, आणि बंदी तर त्यांनी मानलीच नव्हती.

आता अरबी समुद्राचे पाणी तापते आहे. उबदार पाण्यातून चक्रीवादळाला बळ मिळते. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. पुढच्याच वर्षी मे महिन्यात 'तौक्ते' कोकणाला घासत गुजरातेत गेले. २६ जुलै २००५ तर सर्वांच्या आठवणीत आहे. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि आपल्याकडच्या सखल वस्त्यांत पाणी शिरले. अशा दिवशी भरती असेल तर खाडी नदीचे पाणी आत घेत नाही, ते मागे तुंबते. न दिसणारा समुद्र भिवंडीत येतो तो असा.

प्रश्न विचारणाऱ्या त्या विद्यार्थ्याला आम्ही हेच उत्तर दिले. वर्गाच्या भिंतीवर आता भरती-ओहोटीचे वेळापत्रक लावलेले असते. पावसाळ्यात काही मुले शिक्षकांसोबत पुलावरून कामवारीची पातळी पाहून येतात आणि भरतीच्या वेळेसह वहीत नोंदवितात. ती वही ग्रंथालयात ठेवली आहे. २००५ च्या पुरात आपल्या घरात पाणी कुठपर्यंत आणि किती वाजता चढले, हे ज्या माजी विद्यार्थ्यांना व पालकांना आठवत असेल, त्यांनी ते लिहून पाठवावे. वहीची सुरुवातीची काही पाने त्यासाठी कोरी सोडली आहेत.