चिंताशामक गोळ्यांचा क्रमशः त्याग : पादांशिक क्रम व त्याच्या मर्यादा

निद्रानाश, छातीत धडधड, जीव घाबरा होणे अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या रुग्णास पूर्वी घेतलेल्या औषधांविषयी विचारले असता 'झोपेची एक गोळी घेतो, पण रोज नाही, कधीमधी' असे उत्तर हमखास मिळते. ही गोळी बहुधा अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम किंवा डायझेपाम, म्हणजे बेंझोडायझेपिन वर्गातील असते. 'ती एकदाची सोडवा' ही रुग्णाची अपेक्षा असते आणि 'आजपासून बंद' असे सांगून टाकण्याचा मोह वैद्यास होतो. हा मोह रुग्णाच्या जिवावर बेतू शकतो, म्हणून हा विषय येथे घेतला आहे.

प्रथम 'कधीमधी' या शब्दाची परीक्षा करावी. महिन्यातून दोन-चार वेळा, मध्ये बऱ्याच दिवसांचे अंतर ठेवून गोळी घेणाऱ्यास शारीरिक अवलंबित्व सहसा नसते. त्याला मात्रा उतरविण्याची गरज नसून, गोळी ज्या प्रसंगी लागते तो प्रसंग शोधण्याची गरज असते. परंतु 'दहा गोळ्यांची पट्टी किती दिवस पुरते?' हा साधा प्रश्न विचारावा, शक्य तर घरच्या माणसालाही विचारावा. पट्टी दहा-बारा दिवसांत संपत असेल, तर कधीमधी म्हणजे रोजच होय. सलग काही आठवड्यांच्या सेवनानेही अवलंबित्व निर्माण होऊ शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये या संपूर्ण वर्गावर चौकटीतील इशारा छापणे बंधनकारक केले, त्यात अवलंबित्व व औषधत्यागजन्य लक्षणांचा स्पष्ट उल्लेख आहे.

अल्प्राझोलामचा अर्धायुकाल सुमारे ११ तासांचा आहे. डायझेपाम व त्याचे सक्रिय अवशेष शरीरात कित्येक दिवस राहतात. त्यामुळे अल्प्राझोलाम अचानक थांबविल्यास एक-दोन दिवसांत, तर डायझेपाम थांबविल्यास कधी आठवड्यानंतरही लक्षणे उमटतात : कंप, स्वेद, अनिद्रा, प्रकाश व आवाज असह्य होणे, आणि तीव्र अवस्थेत आकडी व भ्रम. सौम्य लक्षणे मूळ व्याधीसारखीच असल्याने रुग्ण 'गोळीशिवाय चालतच नाही' असा अर्थ काढतो. तीव्र लक्षणांचा अर्थ आपल्या सातपुड्याच्या पाड्यांवर कधी 'बाहेरचे काही' असाही लावला जातो व मोलाचे तास वाया जातात.

अपथ्यदेखील अभ्यासाने सात्म्य झाले असता सहसा सोडू नये, हा विचार आपणांस नवा नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात अहिताचा त्याग पादांशाने व वाढत्या अंतराने करावा असे सांगितले आहे. वाग्भटाने अष्टांगहृदयात पादाबरोबर 'पादपाद', म्हणजे चतुर्थांशाचाही चतुर्थांश, असा अधिक सावध पर्याय दिला आहे. सोळावा भाग म्हणजे सव्वासहा टक्के. २०२५ मध्ये अमेरिकेतील व्यसनवैद्यक संस्थेच्या पुढाकाराने प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शिकेत प्रारंभी दर २ ते ४ आठवड्यांनी चालू मात्रेच्या ५ ते १० टक्के घट सुचविली असून, दोन आठवड्यांत २५ टक्क्यांहून अधिक घट करू नये असे म्हटले आहे. हे साम्य सुखावणारे आहे. पण त्यावरून ग्रंथकारांना या गोळ्यांचा स्वभाव ठाऊक होता असे सभांतून सांगणे हास्यास्पद ठरेल. पूर्ण पाद हा येथे कमाल मर्यादेवर येतो, आणि ग्रंथोक्त अंतरे दिवसांची आहेत, ती या औषधांस पुरणार नाहीत. तत्त्व घ्यावे, गणित आधुनिक औषधाचे घ्यावे.

गणितही दिसते तितके सोपे नाही. समजा, रुग्ण आठ महिने रोज रात्री अल्प्राझोलाम ०.५ मिलिग्रॅम घेतो आहे. बाजारातील ०.२५ ची गोळी अर्धी केली तरी ०.१२५ मिळते, म्हणजे पहिलीच पायरी २५ टक्क्यांची. यासाठीच मानसोपचारतज्ज्ञ कित्येकदा रुग्णास दीर्घकाळ टिकणाऱ्या डायझेपामवर नेतात. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे १९८२ ते १९९४ या काळात अशा रुग्णांचे स्वतंत्र चिकित्सालय चालविणाऱ्या हेदर अ‍ॅश्टन यांच्या कोष्टकानुसार अल्प्राझोलाम ०.५ हे डायझेपाम १० मिलिग्रॅमच्या जवळपास येते. इतर कोष्टके थोडी निराळी आहेत. डायझेपामची २ मिलिग्रॅमची गोळी अर्धी केल्यास १० टक्क्यांची पायरी साधते. मात्र वृद्ध व यकृद्विकारी रुग्णांत डायझेपाम साचते. हा बदल त्या तज्ज्ञानेच करावा. आपण रुग्णासोबत राहावे. 'एसआर' लिहिलेल्या गोळ्या मोडू नयेत. अपस्मारासाठी दिलेले क्लोनाझेपाम ही चिंतेची गोळी समजून कमी करण्यास कधीही सांगू नये.

एकाएकी पुरवठा तुटल्यास काय होते, याचे उदाहरण नांदेडच्या सीमेपलीकडे घडले आहे. तेलंगणात ताडीत अल्प्राझोलाम मिसळण्याचा गैरप्रकार चालत असे. २०१५ मध्ये त्यावर कारवाई होताच निजामाबाद, महबूबनगर भागांतील अनेकांना आकडी, भ्रम व विचित्र वर्तन या लक्षणांसह रुग्णालयांत न्यावे लागले. ती माणसे स्वतःला गोळी घेणारे समजतही नव्हती. मालेगाव परिसरात 'कुत्ता गोळी' या नावाने विकली जाणारी वस्तूही मुख्यतः अल्प्राझोलामच.

आपल्या जिल्ह्याच्या काही खास अडचणी आहेत. अक्राणी, अक्कलकुवा, तळोदा भागांतील कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात. मात्रा उतरविण्याचा क्रम आरंभण्यापूर्वी 'तुम्ही येथे किती महिने आहात?' हे विचारावे. अर्ध्यावर निघालेला रुग्ण फडात गोळीविना राहतो. होळीच्या दिवसांत मोहाची दारू व ही गोळी एकत्र येण्याचा धोका असतो. सिकलसेलचा रुग्ण वेदनेसाठी ट्रामाडोल घेत असेल, तर दोहोंच्या संयोगाने श्वसन मंदावते, हे त्याला व विक्रेत्यालाही ठाऊक असावे.

आपल्या औषधींविषयीही स्पष्ट लिहावे लागते. अभ्यंग, शिरोधारा, नियमित निद्राकाल, सत्त्वावजय यांचा आधार निःसंशय आहे. परंतु कोणतेही चूर्ण वा आसव आकडी टाळते असे समजून गोळी थांबविण्यास आधार नाही. तगर व जटामांसी गोळीसोबत दिल्यास तंद्रा वाढू शकते. सर्पगंधा या काळात टाळावी, कारण ती रक्तदाब उतरवते व विषाद वाढवू शकते. गर्भिणी, मद्यपी, पूर्वी आकडी आलेला, अनेक गोळ्या घेणारा किंवा आत्मघाताचे विचार बोलून दाखवणारा रुग्ण असेल, तर क्रम आपल्या चिकित्सालयात सुरूच करू नये.

औषधविक्रेत्यांसाठी दोन शब्द. अल्प्राझोलाम, डायझेपाम, क्लोरडायझेपॉक्साइड, नायट्राझेपाम ही १ मार्च २०१४ पासून 'एच-१' अनुसूचीत आहेत. वैद्य, रुग्ण, औषध व संख्या यांची स्वतंत्र नोंद तीन वर्षे जपणे बंधनकारक आहे. चिठ्ठीविना गोळी देऊ नये, हे खरेच. पण महिनोन्महिने नेणारा ग्राहक रिकाम्या हाताने उभा असेल, तर 'मिळणार नाही' एवढ्यावर त्याला परत पाठविणे पुरेसे नाही. शेवटची गोळी केव्हा घेतली ते विचारून त्याच दिवशी त्यास डॉक्टरांकडे धाडावे. हात कापत असतील वा असंबद्ध बोलत असेल तर थेट रुग्णालयात. दूरच्या गावी तज्ज्ञ नसल्यास शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक २०२२ पासून अहोरात्र उपलब्ध आहे. तो दुकानाच्या फळीवर लिहून ठेवावा.