स्फुरद वाहतं ते मातीबरोबर

स्फुरद जागचं हलत नाही, मग त्यानं तळ्याचं पाणी कसं बिघडेल, असं बीडकडे चारा पिकवणारा शेतकरी विचारतो. त्याच्या विचारण्यात अर्धं सत्य आहे. युरियातलं नत्र पाण्यात विरघळून खाली झिरपतं, स्फुरद सहसा तसं झिरपत नाही. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत ते कॅल्शियमला बांधलं जातं आणि वरच्या चार बोटं मातीत साचत राहतं. पण धुपते तीच चार बोटं माती. पाटोद्याच्या उतारावर मृगाच्या तोंडावर माळ पार खुरडलेला असतो, जमीन उघडी असते. अशा कुरणावर डीएपी फोकून दिलं आणि पाठोपाठ दणक्याचा पाऊस झाला, तर दाणे आणि माती दोन्ही ओढ्याला लागतात. ओढा पाझर तलावाला मिळतो, तलावाचा सांडवा सिंदफणेला किंवा मांजरेला, आणि पुढे माजलगाव, धनेगावची धरणं. बीड, लातूर पितात ते हेच पाणी.

‘मूठभर खतानं काय होतंय?’ इथे हिशेब मांडलाच पाहिजे. डीएपीच्या 50 किलोच्या गोणीत 23 किलो स्फुरद असतं. त्यातला ऑक्सिजन वगळला तर निव्वळ फॉस्फरस 10 किलोच्या आसपास. साठलेल्या पाण्यात लिटरमागे 30 मायक्रोग्रॅम फॉस्फरस झाला तरी शेवाळ माजू शकतं. म्हणजे 1 किलो फॉस्फरस 3 कोटी लिटर पाण्याला पुरतो. कॅनडात 1973 साली डेव्हिड शिंडलर यांनी एका तळ्याच्या मधोमध पडदा घालून दोन्ही बाजूंना कार्बन व नत्र दिलं, स्फुरद मात्र एकाच बाजूला. हिरवीगार झाली ती तेवढीच बाजू. निळ्या-हिरव्या शेवाळाच्या काही जाती यकृताला मारक विष सोडतात, आणि उन्हाळ्यात तळं आटत आलं की आपली जनावरं त्याच कडेला तोंड लावतात. ज्या दुधासाठी चारा वाढवायचा, त्याच दुभत्या जनावराला हा धोका आहे.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला, आमच्या जमिनीत स्फुरद कमीच आहे. खरं आहे, उपलब्ध स्फुरद बऱ्याच वावरांत कमी भरतं, आणि खत बंद करा असं मी म्हणणारच नाही. पण चुनखडीत फोकलेलं खत बरंचसं मातीतच अडकतं, मुळाला थोडंच लागतं. कडवळ, मका पेरताना ते बियाण्याच्या खाली पेरावं. लसूणघास, नेपियरला ओळीत चर काढून त्यात देऊन बुजवावं. दुसरा आक्षेप, शहराचं आणि साखर कारखान्याचं सांडपाणी याहून जास्त घाण करतं. तेही खरं असेल, पण गावच्या पाझर तलावात ना शहर उतरतं ना साखर कारखाना. तिथे उतरतं आपलं वावर आणि ओढ्याकाठचा उकिरडा. शेणखतातही स्फुरद असतं, हे आपण धरतच नाही. तसंच गाळाचं. गाळमुक्त धरण योजनेतून तळ्याचा गाळ वावरात येतो, तो सोबत स्फुरदही आणतो. गाळ टाकलेल्या वावराला दरसालचीच गोणी देऊ नये. एप्रिल-मेमध्ये मातीचा नमुना अंबाजोगाई किंवा खामगावच्या कृषी विज्ञान केंद्राकडून तपासून घ्यावा, आणि अहवाल हाती आल्यावरच खताच्या दुकानाची पायरी चढावी. ओढ्यालगतचा तीन-चार मीटरचा पट्टा मारवेल-पवन्याला सोडून द्यावा, त्यावर खताचा दाणाही नको, चराई नको. तिथलं गवत कापून घरी नेता येतं.