वाटेवरचा वसंत आणि आपला मोहोर

महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां आमचा बराच काळ पीकपाहणीच्या निमित्तानें रस्त्यांवर गेला. तेव्हां लागलेली झाडें न्याहाळण्याची संवय अद्याप सुटली नाहीं. गेल्या फाल्गुनांत रत्नागिरीहून आंबा घाटानें कोल्हापूर व पुढें सोलापूर असा प्रवास घडला. त्यांतून निघालेला बोध शेतकरी बंधूंपुढें ठेवितों.

किनाऱ्याकडील हापुसास सुपारीएवढीं फळें धरलीं होतीं. घाटांत निष्पर्ण काटेसावर व पांगारा तांबड्या फुलांनीं डंवरले होते. कुसुंबास लाल पालवी फुटली होती. माथ्यापलीकडे आंबा अजून मोहोरांतच होता. पुढें देशावर माळावरील पळस फुलला होता, तर कडुनिंब नुकता पानें गाळीत होता. पंचांग एक, पण वसंत ठिकठिकाणीं निराळा!

तिथीही दरवर्षीं सरकते. वसंतपंचमी २०२४ सालीं १४ फेब्रुवारीस आली, तर २०२६ सालीं २३ जानेवारीस. म्हणजे बावीस दिवसांचें अंतर. चांद्रवर्ष सौरवर्षाहून सुमारें ११ दिवसांनीं लहान असतें व ती तूट अधिक मासानें भरून निघते. झाड मात्र थंडी, ऊन व जमिनींतील ओल यांसच जुमानतें.

हें न जाणल्यामुळें आम्हांस एकदां ठोकर बसली. झाड न पाहतां, ठरल्या तिथीस, पूर्ण उमललेल्या मोहोरावर आम्हीं तुडतुड्यांसाठीं कीटकनाशक फवारलें. दुसऱ्या दिवशीं बागेंत मधमाशांचा गुंजारव नव्हता. त्या वर्षीं फळही नांवापुरतेंच धरलें. कारण उघड आहे. मोहोरांत नर व उभयलिंगी अशीं दोन प्रकारचीं फुलें असतात. फळ उभयलिंगी फुलासच धरतें, आणि पराग पोंचविण्याचें काम बहुतांशीं माशा व मधमाशा करितात.

यास्तव मोहोराचे कोंब दिसूं लागतांच दर आठवड्यास बाग फिरून पाहावी. तुडतुडे आढळल्यास फुलें उमलण्यापूर्वींच उपाय योजावा; मोहोर पूर्ण फुलला असतां हात आंवरावा. बांधावरचे सावर, पांगारा व पळस तोडूं नयेत. त्यांच्या फुलांतील मधावर मधमाशा व पांखरें पोसतात.

सातबाऱ्यावर पिकाची नोंद होते, बांधावरच्या फुलोऱ्याची होत नाहीं. ती आपणच एका वहींत करावी: कोणतें झाड, कोणत्या दिवशीं फुललें, त्या वेळीं आंबा कोणत्या अवस्थेंत होता. चार-पांच वर्षांच्या अशा नोंदी हाताशीं असल्या म्हणजे फवारणीचा दिवस पंचांगास विचारावा लागणार नाहीं.