शिवारातील पाऊलठसे व त्यांचे वाचन

निफाड, सिन्नर वा दिंडोरी तालुक्यात शिक्षक मुलांना परिसर-निरीक्षणासाठी शिवारात घेऊन निघतात. पाटाकाठच्या ओल्या मातीत मुलाच्या तळहाताएवढा ठसा दिसतो आणि एकच गलका उठतो, ‘गुरुजी, वाघ!’ खेड्यात बिबट्यालाही वाघच म्हणतात. अशा वेळी हसून गोष्ट उडवून देणे जितके अनुचित, तितकेच मुलांना भेदरवून माघारी पळविणेही अनुचित होय. नाशिक जिल्ह्यात बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुले दगावली आहेत. शाळेची वाट उसाच्या कडेने जात असेल, तर ठसा कोणाचा हे नीट ओळखता आलेच पाहिजे.

प्रथम नखे पाहावीत. बिबट्या चालताना नखे आत ओढून घेतो. त्यामुळे चार वाटोळी बोटे व त्यांमागे एक रुंद गादी एवढेच उमटते. गादीच्या मागील कडेस तीन फुगवटे असतात. पुढील पायाचे पाचवे बोट वरच राहते, ते जमिनीस टेकत नाही. कुत्रा, लांडगा व तरस यांच्या बोटांपुढे मात्र नखांचे टोचे दिसतात. तरसाचा पुढचा पंजा मागच्याहून चांगलाच मोठा असतो. घरच्या मांजराचा व कुत्र्याचा ठसा फळ्यावर शेजारी शेजारी काढावा, म्हणजे मुलांना हा भेद घरी जाऊन पडताळता येतो. बिबट्याचा ठसा घडणीने मांजराचाच, परंतु रुंदीला साधारणतः ७ ते ९ सेंटिमीटर. एकाच ठशावरून निर्णय करू नये. कठीण जमिनीवर कुत्र्याचीही नखे उमटत नाहीत, आणि चिखलात ठसा पसरून मूळ पंजाहून मोठा दिसतो. सलग पाच-सहा ठसे पाहावेत.

तरसाचा उल्लेख उगाच केलेला नाही. नाशिकला लागून असलेल्या अकोले तालुक्यात डॉ. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वयंचलित कॅमेरे लावून केलेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. ऊस व वस्ती यांनी भरलेल्या त्या मुलखात दर १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे ५ बिबटे आढळले, आणि तरसेही जवळजवळ तेवढीच!

ठसा जात सांगतो, दिशा सांगतो. कडा कोरीव असतील तर तो ताजा आहे हेही सांगतो. याहून अधिक त्याच्याकडून वदवू नये. १९६६ साली ओडिशातील वनाधिकारी सरोज राज चौधरी यांनी ठशांवरून वाघ मोजण्याची पद्धत घालून दिली व ती देशभर चालली. परंतु राजस्थानातील सरिस्का येथे कागदोपत्री वाघ असताना प्रत्यक्षात एकही उरला नसल्याचे २००५ साली उघडकीस आले. तेव्हा ‘परवाचाच बिबट्या परत आला’ असे गावाला ठामपणे सांगणे शिक्षकाने टाळावे.

ठशांचा माग काढीत मुलांसह उसात कदापि शिरू नये. तोडणीच्या दिवसांत उसात बिबट्याची पिले सापडतात. त्यांना हात न लावता दूर व्हावे, कारण मादी बहुधा रात्री त्यांना न्यावयास येते. ठशाशेजारी पट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे, ठशावर घमेले पालथे घालावे, आणि वनरक्षकास किंवा वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. त्या दिवसापासून उसाकडेच्या वाटेने येणारी मुले मोठ्या माणसाच्या सोबतीने, घोळक्याने व मोठ्याने बोलत येतील अशी व्यवस्था पालकांशी बोलून करावी, आणि सायंकाळी शाळा अंधारापूर्वी सुटेल हे पाहावे.