आधी उतार, मग चढ : ग्रँड कॅन्यनमधील कौटुंबिक पदभ्रमण

सह्याद्रीतील गडकिल्ले पायांखाली घातलेल्या मराठी कुटुंबाला डोंगराचे एक साधे गणित ठाऊक असते. कष्ट आधी, विसावा नंतर. ज्याचा दम अर्ध्या वाटेवर संपतो तो तेथूनच मागे वळतो आणि उतार त्याला पायथ्याशी आणून सोडतो. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील ग्रँड कॅन्यन या महादरीत मात्र हे गणित उलटे मांडलेले आहे. येथे वाहनतळ, उपाहारगृहे, निवासस्थाने सारे माथ्यावर. पाऊलवाट कड्यावरून खाली जाते. सकाळच्या गारव्यात मुले उड्या मारीत उतरतात, थकवा जाणवतो तो खोल दरीत, आणि तेव्हा परतीचा संपूर्ण चढ समोर उभा असतो. मुलांच्या किंवा कन्याजावयांच्या निमंत्रणावरून अमेरिकेस जाणाऱ्या आणि नातवंडांसह ही दरी पाहू इच्छिणाऱ्या मंडळींनी हा फरक घरूनच समजून घेणे इष्ट.

कोलोरॅडो नदीने सुमारे ५० ते ६० लक्ष वर्षांत कोरलेली ही दरी ४४६ किलोमीटर लांब असून काही ठिकाणी तिची खोली १,८०० मीटरहून अधिक आहे. १९१९ मध्ये तिला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, तर १९७९ मध्ये जागतिक वारसा स्थळांच्या यादीत तिचा समावेश झाला. बहुसंख्य प्रवासी ज्या दक्षिण काठावर उतरतात तो समुद्रसपाटीपासून सुमारे २,१०० मीटर उंच आहे. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचे. म्हणजे पहिले पाऊल टाकण्यापूर्वीच प्रवासी कळसूबाईच्या माथ्याहून साडेचारशे मीटर वर असतो. हवेच्या विरळपणामुळे धाप लवकर लागते, हे त्यावरून ध्यानात यावे.

काठावरून खाली जाणाऱ्या वाटांपैकी ब्राइट एंजल ही कुटुंबांना त्यातल्या त्यात सोयीची. तिच्यावर काठापासून सुमारे अडीच आणि पाच किलोमीटरवर विश्रांतीच्या शेड आहेत व उन्हाळ्यात तेथे पिण्याचे पाणी मिळते. मात्र हे पाणी दरीतून टाकलेल्या, १९६० च्या दशकात बांधावयास घेतलेल्या जुन्या जलवाहिनीतून येते आणि ती अनेकदा फुटते. म्हणून निघण्याच्या दिवशीच पाण्याची स्थिती माहिती केंद्रात विचारावी. साउथ कैबाब या दुसऱ्या वाटेवर दृश्ये अधिक विस्तीर्ण, पण पाणी मुळीच नाही आणि सावलीही नाममात्र.

उद्यानाचे रेंजर वेळेचा एक ठोकताळा सांगतात : उतरण्यास जितका वेळ लागतो त्याच्या दुप्पट वेळ चढण्यासाठी राखून ठेवावा. उन्हाळ्यात सकाळी १० ते दुपारी ४ या काळात उन्हातून चालू नये, असाही त्यांचा आग्रह असतो. या दोन नियमांची सांगड घातली की हिशेब आपोआप मांडला जातो. सकाळी ७ ला निघालेल्या कुटुंबाने तासभर उतरून पहिली शेड गाठली, तर ८ ला वळलेच पाहिजे. परतीचे दोन तास धरता काठावर यायला १० वाजतात. वळण्याची ही वेळ काठावर, ताजेतवाने असतानाच ठरवावी. खाली गेल्यावर पुढचे वळण नेहमीच जवळ भासते. बँकेच्या परिभाषेत बोलायचे तर उतार ही उचल आहे, आणि परतफेडीचा हप्ता भर उन्हात सुरू होतो.

उष्म्याची गोष्टही अशीच उफराटी. थंड हवेच्या ठिकाणाहून खाली उतरावे तसा पारा चढतो. काठावर जुलैत आल्हाददायक हवा असताना नदीकाठी तापमान ४० अंशांच्या पुढे जाते. कोरड्या हवेत घाम तत्काळ सुकतो, त्यामुळे शरीरातून किती पाणी गेले याची कल्पनाच येत नाही. केवळ पाणी पीत राहणेही पुरेसे नाही. घामावाटे गेलेले मीठ भरून न निघाल्यास रक्तातील क्षाराचे प्रमाण घटते. मळमळ, डोकेदुखी व गोंधळलेली अवस्था ही त्याची लक्षणे. खारे शेंगदाणे, चिवडा, मीठसाखरेचे पाणी हा आपल्या ओळखीचा शिधा येथे औषधाइतका मोलाचा ठरतो. दरवर्षी अडीचशेहून अधिक जणांची या दरीतून सुटका करावी लागते, आणि त्यांत धडधाकट तरुणांची संख्या लक्षणीय असते. लहान मुलांसोबत चालणारे कुटुंब त्या मानाने सुरक्षित म्हणावे, कारण त्याचा वेग सर्वांत मागे राहणारा ठरवतो.

वाटेत खेचरांचा तांडा आला तर डोंगराच्या अंगाला सरकून स्तब्ध उभे राहावे. कड्याच्या कडेला कदापि नाही.

याच प्रदेशातील अरुंद घळींचा धोका निराळा. तेथेही उन्हाळ्यातील पावसाला मान्सून म्हणतात. ऑगस्ट १९९७ मध्ये अँटिलोप कॅन्यन या घळीत अचानक आलेल्या लोंढ्याने ११ पर्यटकांचा बळी घेतला. पाऊस पडला होता तो कित्येक किलोमीटर दूर. डोक्यावरचे आकाश निरभ्र आहे, एवढा पुरावा तेथे चालत नाही. आता नावाहो जमातीच्या भूमीतील या घळीत अधिकृत वाटाड्याशिवाय प्रवेश मिळत नाही.

खर्चाविषयी थोडे. १ जानेवारी २०२६ पासून ग्रँड कॅन्यन, झायन, ब्राइस कॅन्यन यांसह ११ राष्ट्रीय उद्यानांत अमेरिकेचे रहिवासी नसलेल्या प्रौढांना नेहमीच्या शुल्काखेरीज माणशी १०० डॉलर मोजावे लागतात. अनिवासींचा वार्षिक पास २५० डॉलरचा आहे. अधिक उद्याने पाहायची असल्यास दोहोंची तुलना आधीच करावी. प्रवासविम्यातील वगळलेल्या बाबींची यादीही अवश्य वाचावी. ती सहसा शेवटच्या पानावर, बारीक अक्षरांत असते.

ज्या आजी-आजोबांचे गुडघे उतार मानत नाहीत त्यांनी हिरमुसण्याचे कारण नाही. काठालगत सपाट, फरसबंद ‘ट्रेल ऑफ टाइम’ आहे. तिथे एक मीटर म्हणजे दहा लक्ष वर्षे, आणि वाटेकडेला त्या त्या काळातील खडकांचे नमुने मांडलेले. या मापाने दरीच्या माथ्यावरील चुनखडक २७० मीटरवर भेटतो, तळाचे खडक पावणेदोन किलोमीटरच्याही पुढे, आणि मानवजातीचे अवघे अस्तित्व नातवाच्या दीड-दोन पावलांत मावते. दमल्यास जागोजाग बाक आहेत. दुर्बीण असेल तर खाली नऊशे मीटरवर कॉटनवुड वृक्षांचा एक हिरवा ठिपका दिसतो. तेथे हवासुपाई लोक शेती करीत. उद्यान झाल्यावर त्यांना तेथून घालवण्यात आले व १९२८ मध्ये त्यांचा अखेरचा रहिवासीही गेला. ‘इंडियन गार्डन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या जागेला २०२२ मध्ये ‘हवासुपाई गार्डन्स’ हे नाव देण्यात आले. पहाटे निघालेली तरुण मंडळी त्या हिरव्या ठिपक्यापर्यंत न जाता पहिल्याच शेडवरून वळलेली काठावरून दिसली, तर आजोबांनी निर्धास्तपणे चहा मागवावा.