कुत्र्याची भाषा

मुलांनो, सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत ऊन फार कडक असते. तेव्हा विजापूर वेशीत सावलीला धापा टाकणारा कुत्रा दिसतो. "पिसाळलेला आहे, दगड मारा!" असे कोणी ओरडते. पण थांबा! घामाने आपले अंग थंड होते. कुत्र्याला घाम फार थोडा, तोही पंजांनाच येतो. म्हणून तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो.

कुत्र्याला बोलता येत नाही. त्याचे अंग बोलते. शेपटी पायांत घातली, तर तो घाबरलेला असतो. अंग ताठ झाले, दात दिसले, तर तो रागावलेला असतो. अशा वेळी पळू नका. शांत उभे राहा. त्याच्याकडे रोखून पाहू नका. हळूहळू मागे सरका.

कुत्रा पाळलात, तर त्याला मारून नव्हे, खाऊ देऊन शिकवा. भाकरी चालते; कांदा, लसूण, चॉकलेट देऊ नका. त्याला रेबीजची लस टोचून घ्या.

तरीही कुत्रा चावलाच, तर जखमेवर हळद-मिरची लावू नका. साबण व वाहत्या पाण्याने 15 मिनिटे जखम धुवा. रागावतील म्हणून घरी लपवू नका. त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात लस घ्या. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी सहसा वाचत नाही. वेळेवर लस घेतली, तर वाचतो. 1885 साली फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांच्या लसीने 9 वर्षांचा जोसेफ वाचला होता.

शब्दार्थ : धापा टाकणे – जोरजोरात श्वास घेणे. पिसाळणे – रेबीज होऊन वेडे होणे.

स्वाध्याय
1. कुत्रा धापा का टाकतो?
2. कुत्रा चावल्यावर प्रथम काय कराल?