ट्रक चालू का होत नाही? आधी धूर बघा, मग पाना घ्या

मित्रांनो, थर्मोडायनॅमिक्सच्या पेपरात डिझेल सायकलची आकृती आपण डोळे मिटून काढतो. पण तीच सायकल रस्त्याच्या कडेला बंद पडली तर आपल्याला काय करता येतं? प्रश्न साधा वाटतो, पण आपल्या धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यात तो रोजचा आहे. सोलापूर-धुळे महामार्ग तुळजापूर, धाराशिव, येडशी असा आपल्या दारावरून जातो आणि पुणे-हैदराबाद महामार्ग नळदुर्ग, उमरग्यावरून. त्यात गाळप हंगाम थंडीचा. तोडलेला ऊस जितका वेळ उभा राहील तितकं त्याचं वजन घटतं, साखरही उतरते. ट्रकवाल्याचा हिशोब खेपेवर असतो. म्हणजे पहाटे इंजिन चालू झालं नाही तर ड्रायव्हर, मालक आणि शेतकरी, तिघांचंही नुकसान.

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. पुस्तकातले शब्द मला इंग्रजीतच आधी सुचतात. पण गेल्या सुट्टीत महिनाभर हायवेवरच्या एका गॅरेजमध्ये बसले, तेव्हा कळलं की तिथे सगळ्या गोष्टींना स्वतःची नावं आहेत. स्टार्टर मोटर म्हणजे ‘सेल्फ’, इंजेक्टर म्हणजे ‘नोझल’, आणि डिझेल लाइनमध्ये हवा शिरली की गाडीने ‘एअर धरली’. तिथले उस्ताद गाडी आली की लगेच बॉनेटकडे धावत नसत. आधी ड्रायव्हरला विचारायचे, “काल काय झालं होतं? टाकी कोरडी पडली का? फिल्टर बदलला का? डिझेल कुठं भरलं?” निम्मं निदान तिथेच व्हायचं. उरलेलं निदान तीन प्रश्नांत कसं करायचं ते या लेखात बघू. आधी जुन्या, म्हणजे मेकॅनिकल पंपाच्या इंजिनाबद्दल.

थोडी थिअरी

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो हे आपल्याला माहीत आहे. रुडॉल्फ डिझेलचं इंजिन १८९७ मध्ये यशस्वीपणे चाललं ते याच कल्पनेवर, की हवा इतकी दाबायची की तिच्या उष्णतेनेच इंधन पेटावं. म्हणजे इंजिन सुरू व्हायला तीन गोष्टी लागतात: पुरेशा वेगाने फिरणं, पुरेशी तापलेली हवा, आणि योग्य वेळी आलेलं डिझेल. आपले तीन प्रश्न यातूनच निघतात.

प्रश्न पहिला : इंजिन जोरात फिरतं का?

ट्रकला १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडून २४ व्होल्ट मिळतात. सेल्फ मारला की नुसता ‘टक्’ आवाज येतो किंवा इंजिन कण्हत फिरतं, तर डिझेलकडे बघूच नका. हेडलाइट लावून सेल्फ मारा. लाइट एकदम मंद झाला तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल ढिलं आहे. लाइट तसाच राहिला तर करंट सेल्फपर्यंत पोचत नाही. सोलेनॉइड, स्विच किंवा वायर तपासा.

मल्टिमीटर असेल तर आणखी सोपं. चांगल्या चार्ज बॅटऱ्या दोन्ही मिळून २५ व्होल्टच्या वर दाखवतात. सेल्फ मारताना आकडा १९ च्या खाली गेला तर बॅटरीवर संशय घ्या. दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजायच्या, कारण बरेच जण टेप किंवा मोबाइल चार्जरसाठी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट घेतात. मग ती एकटीच उतरते आणि चांगली बॅटरीसुद्धा काही करू शकत नाही. चेसिसला जाणारी अर्थची पट्टी गंजलेली नाही ना, तेही बघा.

एक इशारा: सेल्फ मारल्यावर इंजिन धाडकन अडकून थांबलं तर पुन्हा मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असू शकतं. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड मात्र वाकतो.

प्रश्न दुसरा : सायलेन्सरमधून धूर येतो का?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न, कारण याला एक रुपयाही लागत नाही. इंजिन झकास फिरतंय, मागे कुणीतरी उभं राहून बघतंय, आणि धुराचा पत्ता नाही. याचा अर्थ सिलिंडरमध्ये डिझेल जातच नाही. मग टाकीपासून पुढे सरकत या. टाकीत डिझेल आहे का (काट्यावर विश्वास ठेवू नका, काठी बुडवा), टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलं आहे का, इंजिन बंद करायची स्टॉप केबल ओढलेलीच राहिली का, फिल्टर चोंदला का, त्याच्या तळाला पाणी साचलं का.

हे सगळं ठीक असेल तर बहुतेक एअर धरली आहे. पंपाने दाब दिला की डिझेल दाबलं जात नाही म्हणून तो दाब थेट नोझलला पोचतो. नोझल उघडायला साधारण २०० बारच्या वर दाब लागतो. मध्ये हवेचा बुडबुडा असला की तोच स्प्रिंगसारखा दबतो नि सुटतो, नोझल उघडतच नाही.

आता गंमत बघा. टाकी ते फीड पंप या भागात पंप डिझेल ओढत असतो, म्हणजे तिथला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. त्यामुळे तिथल्या पाइपाला चीर पडली तरी चालू गाडीत डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत शिरते. आपण ओलं कुठे आहे ते शोधत बसतो आणि पाइप कोरडाच दिसतो. रात्रभर गाडी उभी राहिली की त्याच चिरेतून हवा शिरून डिझेल परत टाकीकडे उतरतं. म्हणून “दिवसा चालते, सकाळी अडते” अशी तक्रार आली की आधी हा पाइप, त्याचे वॉशर आणि क्लिपा बघायच्या.

हवा काढायची पद्धत: फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू ढिला करा, हँड प्रायमर मारत राहा. आधी फेस येईल, मग सलग धार. धार आली की स्क्रू आवळा. हेच पंपावरच्या स्क्रूला करा. तरीही चालू झाली नाही तर एक-दोन नोझलच्या पाइपाचे नट ढिले करून सेल्फ मारा, डिझेल उडालं की आवळा.

प्रश्न तिसरा : पांढरा धूर येतो, पण इंजिन धरत नाही?

म्हणजे डिझेल पोचतंय, पेटत नाही. इथे आपलं सूत्र कामाला येतं. दाबल्यानंतरचं तापमान म्हणजे सुरुवातीचं केल्विन तापमान गुणिले कॉम्प्रेशन रेशोचा (n-१) वा घात. रेशो १७ धरा. उन्हाळ्यात २७ अंश हवा आणि आदर्श n = १.४ घेतला तर उत्तर सुमारे ६६० अंश सेल्सिअस. आता थंडीतली पहाट, १० अंश, इंजिन हळू फिरतंय, रिंगांतून हवा निसटतेय, भिंती उष्णता खातायत. n जर १.२ पर्यंत घसरला तर उत्तर येतं सुमारे २२५ अंश! डिझेल आपोआप पेटायचं तापमान जवळपास एवढंच आहे. पेटलं तर पेटलं.

म्हणून कमजोर बॅटरीसुद्धा पांढरा धूर काढायला लावते. आधी बॅटरी चांगली लावून बघा. मग नोझलची फवारणी, टायमिंग, टॅपेट आणि शेवटी कॉम्प्रेशन. रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर तो धूर नसून वाफ असू शकते. मग हेड गॅस्केट बघा.

हे करू नका

सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये एक-दोन मिनिटं थांबा. काही जण पेटता बोळा हवेच्या पाइपाशी धरतात. उसाचं पाचट लादलेल्या गाडीजवळ आग म्हणजे काय, हे सांगायला नको. भरलेली गाडी उतारावर सोडून चालू करणं तर सगळ्यात वाईट. इंजिन बंद असताना पॉवर स्टीअरिंग नाही आणि एअर ब्रेकची हवाही भरत नाही. तुळजापूरचा घाट ही प्रयोगाची जागा नाही. चाकाला दगड लावा, गिअर न्यूट्रल करा, मगच खाली वाका.

आणि १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ गाड्यांत (त्याआधीच्याही कॉमन रेल गाड्यांत) नोझलचा पाइप कधीही ढिला करायचा नाही. तिथे दाब हजार बारच्याही पुढे जातो. डिझेलची बारीक धार कातडी भेदून आत जाते. जखम टाचणीएवढी दिसली तरी त्या माणसाला ताबडतोब दवाखान्यात न्यायचं. या गाड्यांत कमी दाबाच्या भागातली हवा प्रायमरने काढा, फिल्टर बघा, पुढचं काम स्कॅनरचं. क्रँक सेन्सरचा सिग्नल नसेल तर ईसीयू डिझेल सोडतच नाही. म्हणजे इथेही धूर नाही, पण कारण वेगळं.

तर मित्रांनो, फिरतं का, धूर येतो का, पांढरा आहे का, एवढंच लक्षात ठेवा. पंप आणि नोझल खोलणं हे सगळ्यात महागडं काम, म्हणून ते सगळ्यात शेवटी. चुकीच्या निदानाचं बिल मेकॅनिक भरत नाही आणि आपण इंजिनीअरही भरत नाही. ते भरतो गाडीवाला. उस्तादांनी सूत्र कधी लिहिलं नाही, पण क्रम कधी सोडला नाही. आपल्याकडे सूत्र आहे, आता क्रम शिकूया.